गुडघे टेकणारी म्हातारी

फेब्रुवारीत म्हाताऱ्याला म्हातारीवर चढवायचा पहिला प्रयत्न झाला, आणि तो नेमका टपालवाल्या बाईच्या देखत फसला.

म्हातारा म्हणजे ओनोफ्रे लुसेरो, वय ऐंशीच्या घरात, लॉस नोगालेस गावच्या पाटाचा पाटकरी. म्हातारी म्हणजे त्याची बायको नव्हे. ती बिचारी केव्हाच देवाघरी गेली. म्हातारी म्हणजे त्याचा बहात्तर सालचा हिरवा पिकअप ट्रक. डोंगरातून सरपण आणायचं म्हणून त्याने तरुणपणी तिच्या कमानी जाड करून घेतल्या होत्या आणि चाकं मोठी घातली होती. त्यामुळे ती इतकी उंच झाली होती, की तिच्यात बसायचं म्हणजे घोड्यावर मांड टाकायची. शरद ऋतूत म्हातारा लाकडाच्या रचलेल्या ढिगावरून पडला, खुबा मोडला, डॉक्टरांनी आत पोलादी गोळा बसवला. तेव्हापासून तो काठी टेकत अंगणभर फिरायचा, पण तो पाय काही गुडघ्याच्या वर उचलला जायचा नाही.

त्याची मुलगी बेनिता शाळेची बस चालवायची. पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची, इंजिनात हात घालायला न भिणारी. तिने त्या दिवशी बाक मांडला, बाकाला फळी लावली आणि बापाला हळूहळू वर नेलं. एक पाय आत गेला. दुसरा हवेत राहिला. पुढे जाता येईना, मागे येता येईना, टोपी खाली पडलेली, आणि तशात फाटकातून टपालवाल्या बाईने विचारलं, "मदत करू का?"

"पत्रं ठेव आणि चालती हो!" म्हातारा ट्रकच्या आतून ओरडला. बाईला दिसत होती ती फक्त त्याची मागची बाजू.

पडलो तरी नाक वर, हा लुसेरो घराण्याचा बाणा. पण त्या दिवसानंतर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पाटाला पाणी सुटायचं होतं. लॉस नोगालेसमध्ये यापेक्षा मोठा दिवस नाही, नाताळसुद्धा नाही. गावातले सगळे वाटेकरी फावडी खांद्यावर टाकून पाटाच्या कडेने, गाळ काढत, चालत वर नदीपर्यंत जातात. चालतच जायचं, ही रीत. गाडी फक्त पाटकऱ्याची. ती खडकाळ ओढ्यातून पिण्याचं पाणी आणि पोसोलेचं, म्हणजे मक्याच्या कालवणाचं, पातेलं घेऊन वर येते. मग पाटकरी स्वतःच्या हाताने चाक फिरवतो, पाटाच्या तोंडचं लोखंडी दार उचलतो, आणि फावडं देऊन एकाला पाण्याच्या पुढे धाडतो. त्याने पाण्याच्या तोंडचा काडीकचरा बाजूला करत गावापर्यंत चालायचं. तो मान ज्याला मिळतो, तो वर्षभर कॉलर ताठ करून हिंडतो.

शेजारचा सेलेस्तिनो भला माणूस. तो बिस्कोचितो बिस्किटांचा डबा घेऊन आला आणि खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला, "दादा, आम्ही चौघं तुम्हाला उचलून गाडीत बसवू, वर उचलून उतरवू. नाहीतर या साली दार मी उघडतो. तुम्ही आराम करा."

"मी पिठाचं पोतं नाही," ओनोफ्रे म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

सेलेस्तिनो गेल्यावर म्हातारा उठला. दाराजवळच्या खुंटीवरची आपली रुंद काठाची टोपी त्याने काढली, फुंकर मारली आणि कपाटात, वरच्या फळीवर ठेवून दिली. बेनिताने स्वयंपाकघरातून ते पाहिलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकूनही ती इतकी घाबरली नव्हती. या साली पाणी बापाविना खाली आलं तर बाप त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिच्या डोक्यात प्रकाश पडला तो एस्पान्योला शहराच्या सिग्नलला. मुलं सोडून रिकामी बस घेऊन ती परत येत होती. समोरच्या बर्गरच्या टपरीपाशी एक लो-रायडर येऊन थांबली. आपल्या खोऱ्यातली पोरं गाड्यांची पोटं रस्त्याला टेकवून रविवारी मिरवतात त्यातलीच एक, चकचकीत लाल. गाडीने सुस्कारा टाकला आणि ती खाली बसली. अक्षरशः बसली. दार उघडलं आणि आतून एक जाडजूड आजीबाई, खुर्चीतून उठावं तशा, उठून चालू लागल्या.

सिग्नल हिरवा झाला. मागचे भोंगे वाजवू लागले. बेनिता बसच्या काचेला नाक लावून बसली होती.

उंच गाडी हवी, कारण ओढ्यात दगड. ठेंगणी गाडी हवी, कारण बापाचा पाय. मग एकच गाडी दोन्ही झाली तर? हसावं की टाळी वाजवावी, तिला कळेना. तिने दोन्ही केलं.

अडचण एकच होती. हे काम येणारा सगळ्यात पक्का माणूस म्हणजे तिचा आतेभाऊ फेर्मीन, आणि फेर्मीनने मामाचा उंबरा वीस वर्षांत ओलांडला नव्हता.

त्याला कारण होतं. विशीतला फेर्मीन आपली पहिली बसकी गाडी मामाला दाखवायला ईस्टरच्या दिवशी आला होता. फाटकाशी पाटाचं पाणी नळातून रस्त्याखालून जातं, त्यावर उंचवटा आहे. गाडीचं पोट त्यावर अडकलं, खालचा नळ फुटला, सगळं पाणी रस्त्यावर. ओनोफ्रेने ट्रॅक्टरला साखळी बांधून गाडी खेचली, पुढचा बंपर उपटून आला, आणि ईस्टरला नटूनथटून निघालेल्या अख्ख्या गावासमोर म्हातारा म्हणाला, "बघा रे, बेडूक काढला पाण्यातून!" तेव्हापासून फेर्मीनचं नाव बेडूक. मामाने तर त्याला दुसऱ्या नावाने हाकच मारली नाही.

बेनिता गेली तेव्हा फेर्मीन आपल्या त्रेसष्ट सालच्या जांभळ्या गाडीला फडक्याने गोंजारत होता. त्या गाडीवर रंगाचे इतके थर होते की त्यात बघून भांग पाडावा. लग्नाआधी बायकोने त्याला विचारलं होतं, मी की जांभळी? तो विचार करायला वेळ मागत होता म्हणे.

"म्हातारीला?" सगळं ऐकल्यावर तो म्हणाला. "बहात्तरची म्हातारी? तिला चारही पायांनी बसवायची आणि उठवायची?"

"जमेल का?"

"जमेल का म्हणजे!" त्याने फडकं फेकून दिलं. डोळे चमकायला लागले. "चार सिलिंडर. दोन पंप, माझ्याकडे जुने पडलेत. सहा बॅटऱ्या मागच्या हौद्यात, फळीखाली. मागे चासीला खाच कापावी लागेल, नाहीतर खाली बसताना आस चासीवर आपटेल. पुढच्या..." आणि तो अचानक थांबला. "मामाला विचारलंस?"

"विचारीन."

"माझी एक अट आहे. मामाने मला माझ्या नावाने हाक मारायची. एकदाच. पण लोकांसमोर."

"मारतील," बेनिता म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. बाप एक वेळ ट्रक चावून खाईल, पण हे करणार नाही. म्हणून तिने ती अट घरी सांगितलीच नाही.

"चासी कापणार?" ओनोफ्रेने खुर्चीतून अर्धं उठत विचारलं. "माझ्या म्हातारीची चासी? आणि कोण, तो बेडूक?"

"बाबा, ती खाली बसेल, तुम्ही आत बसाल, ती वर उठेल. हातच्या काकणाला आरसा कशाला, करू तर द्या!"

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही ग," बाप म्हणाला, "बेडूक सोकावतो!" मग त्याने काठीने जमिनीवर दोन ठोके दिले. "करा काय करायचं ते. मी त्यात बसणार नाही. उभं राहणाऱ्या जनावराला बसायला शिकवायचं म्हणजे पाप आहे."

नाही म्हणाला नव्हता, एवढं बेनिताला पुरे होतं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल. फेर्मीन रोज संध्याकाळी यायचा. जांभळी उंचवट्याच्या पलीकडे रस्त्यावरच ठेवायचा आणि हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन चालत आत यायचा. शेडमध्ये म्हातारी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. मागच्या जाड कमानी सुटता सुटेनात. गंज असा धरलेला, की नट आणि बोल्ट एकजीव झालेले. बेनिताने पान्ह्याला लांब पाइप घातला, पाय रोवले आणि सगळं वजन टाकलं. कडाड! ती पाठीवर पडली आणि पडल्या पडल्या ओरडली, "सुटला!"

"नट की कंबर?" फेर्मीनने विचारलं.

दोघं इतकी हसली की खिडकीचा पडदा हलला.

पडदा रोज हलायचा. चासी कापताना ठिणग्या उडाल्या तेव्हा तो पूर्ण बाजूला झाला. वेल्डिंग सुरू झालं की आतून आवाज यायचा, "काच लाव डोळ्याला, बये! आंधळी झालीस तर बस कोण चालवील?" एके दिवशी खिडकी उघडून म्हातारा गरजला, "तो डाव्या बाजूचा पत्रा पातळ लावलाय! म्हातारी आहे ती, खेळणं नाही!" फेर्मीनने पत्रा मोजला. पातळ नव्हता. तरी त्याने वर दुसरा लावला.

"कशाला?" बेनिताने हळूच विचारलं.

"बघतायत ना," फेर्मीन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शाळेत पाठीवर थाप मिळालेल्या पोरासारखं हसू होतं.

सिलिंडर बसले, तेलाच्या नळ्या फिरवल्या, बॅटऱ्या एकीला एक जोडल्या. लांब वायरच्या टोकाला मुठीएवढी डबी, तिच्यावर चार खटके. पहिल्यांदा खटका दाबला तो बेनिताने. पंप घूंऽऽ करून ओरडला, पुढची नळी सटकली आणि तेलाची चिळकांडी थेट फेर्मीनच्या तोंडावर. तो ओल्या मांजरासारखा उभा राहिला.

"बेडूक कसा दिसतो बघायचं होतं ना सगळ्यांना," तो तेल पुसत म्हणाला.

दुसऱ्यांदा नळी घट्ट आवळली. खटका. घूंऽऽ. आणि म्हातारीचं नाक वर जाऊ लागलं. मग बूड. ती टाच उंचावून उभी राहिली, पूर्वीपेक्षाही उंच. फेर्मीनने उलटा खटका दाबला. फुस्सऽऽ. एवढी मोठी, पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर सरपण आणि गवत वाहिलेली म्हातारी गुडघे टेकून खाली बसली. दार बेनिताच्या मांडीशी आलं. नुसतं वळून टेकायचं, की आत!

बेनिता नाचली. शेडमध्ये, ग्रीसच्या डबड्यांमध्ये, हातात पान्हा घेऊन नाचली. "पुन्हा कर! पुन्हा!" फेर्मीनने पुन्हा केलं. मग सेलेस्तिनोला बोलावलं, त्याच्यासाठी केलं. मग त्याच्या बायकोसाठी. ती छातीवर क्रुसाची खूण करून म्हणाली, "अरे देवा, ही तर चर्चमध्ये असल्यासारखी बसते!"

शुक्रवारी दुपारी, पाणी सुटायच्या आदल्या दिवशी, त्यांनी म्हातारी घराच्या दारासमोर आणून बसवली. बेनिताने तिला धुतलं होतं, सीटवर आईची जुनी विणलेली चादर घातली होती. ओनोफ्रे काठी टेकत दारात आला. फेर्मीन हात मागे बांधून उभा राहिला. बेनिताला वाटलं, आत्ता म्हणतील. आत्ता हाक मारतील.

म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं. मग मागच्या चाकाकडे, मग वेल्डिंगकडे.

"बसलेलं जनावर," तो म्हणाला, "गोळी घालण्याच्या लायकीचं असतं."

आणि तो आत गेला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

फेर्मीनने मुकाट्याने हत्यारं गोळा केली. "असू दे बेनिता," तो म्हणाला. "काम तरी झकास झालं." तो उंचवट्यापलीकडे चालत गेला. जांभळी सुरू झाली आणि गेली. बेनिता पायरीवर बसून रडली. बापाचा राग आला म्हणून आणि बापाची कीव आली म्हणून, दोन्हीसाठी एकदमच रडली. म्हातारीला तिथून हलवायचं बळसुद्धा तिच्यात उरलं नाही. म्हातारी रात्रभर दारासमोर तशीच बसून राहिली.

सकाळी बेनिताला जाग आली ती आवाजाने. घूंऽऽ. फुस्सऽऽ. घूंऽऽ. फुस्सऽऽ. तिला वाटलं स्वप्न आहे. मग एक लांबलचक, थकत गेलेलं घूंऽऽऽ आलं, आणि शांतता.

ती अनवाणी बाहेर धावली. ऊन नुकतंच कुंपणावर आलं होतं. म्हातारी टाचा उंचावून, जितकी उंच होता येईल तितकी उंच उभी होती. आणि तिच्या खिडकीत, पार वर, ओनोफ्रे लुसेरो बसला होता. दाढी केलेली, पांढरा सदरा, इस्त्रीची विजार, बूट. डोक्यावर टोपी. हातात खटक्यांची डबी.

"बाबा!"

"काय?"

"तुम्ही आत कसे गेलात?"

"दारातून," म्हातारा म्हणाला.

"आणि काय करताय?"

"तपासतोय. बेडकाच्या कामावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का?" त्याने खटका दाबला. टक्. काही झालं नाही. पुन्हा टक्. "ही बिघडली बघ. मी म्हणत नव्हतो?"

बेनिताने मागच्या हौद्यातली फळी उचलली. सहाही बॅटऱ्या ठार. "बिघडली नाही बाबा. तुम्ही तिला दमवलंत! किती वेळ चाललंय हे?"

"उजाडल्यापासून," म्हातारा म्हणाला, आणि मग त्याला राहवलं नाही. कानापर्यंत लाल होत, सातवीतल्या पोरासारखा तो हसला. "अग, पुढचा पाय वेगळा उचलते! एकटा डावासुद्धा! तू बघितलंस का?"

बेनिताने ट्रकचं दार दोन्ही हातांनी धरलं आणि ती खदखदून हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की हसण्यासारखं फारसं नाही. म्हातारी खाली येईना. तिने इंजिनाची एकटी बॅटरी लावून पाहिली. टक् झालं, झडप उघडली नाही. नळी सैल करावी तर ट्रक धाडकन आदळेल, बापासकट. शेजारी कुणाकडे बॅटऱ्या मागाव्यात तर अख्खा गाव पहाटेच फावडी घेऊन पाटाने वर निघालेला. तिने फेर्मीनला फोन लावला.

"सहाच्या सहा?" तो ओरडला. "मामाने? एकट्याने?" पलीकडून इतका वेळ हसू आलं की तिला वाटलं तो रडतोय. मग म्हणाला, "माझ्या जांभळीत चार भरलेल्या आहेत. आणतो."

"तू येईपर्यंत पाणी सुटेल. आणि ओढ्यातून तुझी गाडी यायची नाही, पोट फाटेल तिचं."

फोन बंद झाला होता.

"चल ग!" वरून बाप ओरडला. "उंच आहे ना? ओढ्यासाठी उंचच हवी!"

तेही खरंच होतं. बेनिताने पाणी आणि पोसोलेचं पातेलं हौद्यात चढवलं, स्टिअरिंग धरून ती वर चढली, आणि म्हातारी निघाली. ओढ्यातले दगड तिच्या पोटाखालून सुळकन मागे जात होते. ओनोफ्रे खिडकीबाहेर कोपर काढून बसला होता. सहा महिने त्याने ही वाट पाहिली नव्हती. "तो दगड हलला," तो म्हणायचा. "ते कॉटनवुडचं झाड पडलं. बघ, पाला फुटलाय." बेनिता वाट बघत नव्हती, ती बापाला बघत होती. हा आनंद तासाभराचा निघाला तर काय, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता.

पाटाच्या दारापाशी सगळे जमलेच होते. फावडी रोवून, टोप्या मागे सारून. म्हातारी दिसताच आरोळी उठली. मग ट्रक थांबला, आणि हळूहळू आरोळीही थांबली. ओनोफ्रे वर आणि जमीन खाली.

सेलेस्तिनो पुढे आला. "दादा, हात द्या. आम्ही अलगद..."

"हात लावशील तर काठी घालीन."

"मग असं करा, तुम्ही तिथूनच हुकूम द्या. चाक मी फिरवतो."

"उंटावरून शेळ्या हाकायला मी पाटकरी झालो नाही!" म्हातारा म्हणाला. आवाज मोठा होता. त्याने पाय दाराबाहेर काढला, खाली पाहिलं, आणि पुन्हा आत घेतला. लोकांनी नजरा नदीकडे वळवल्या, आणि ते बापाला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ऊन वर आलं. खालची शेतं वाट बघत होती, आणि रीत रीत असते. शेवटी म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "सेलेस्तिनो," तो हळू आवाजात म्हणाला.

तेवढ्यात खालून आवाज आला. खर्रर्र. लोखंड दगडावर घासल्याचा, दात शिवशिवतील असा. मग घूंऽऽ, मग धप्प, मग पुन्हा खर्रर्र. सगळे वळले. ओढ्याच्या वळणावर काहीतरी जांभळं उसळलं, खाली गेलं, पुन्हा उसळलं.

"अरे, हा तर..." सेलेस्तिनो म्हणाला.

जांभळी दगडांवरून उड्या मारत येत होती. फेर्मीन खटके दाबून तिचं नाक वर फेकायचा, पुढे घ्यायचा, मग बूड फेकायचा. कुठे जमायचं, कुठे दगड पोटात घुसायचा. त्याने पुसून पुसून आरसा केलेल्या रंगावर दारापासून शेपटापर्यंत पांढरे ओरखडे पडले होते. धुराची नळी मागे लोंबत ठिणग्या पाडत होती. शेवटच्या धोंड्यावर ती पोटावर अडकली, चाकं हवेत फिरली, आणि इंजिन बंद पडलं. बरोबर तशीच अडकली, जशी वीस वर्षांपूर्वी त्याची पहिली गाडी उंचवट्यावर अडकली होती.

एकही माणूस हसला नाही.

फेर्मीन खिडकीतून बाहेर आला, डिकी उघडली, आणि एकेक बॅटरी छातीशी धरून ट्रकपर्यंत आणू लागला. मग सगळेच धावले. बेनिताने फळी फेकली, तारा जोडल्या. तिची बोटं इतकी घाईला आली होती की फेर्मीनला तिच्या हातावर चापट मारावी लागली. "सावकाश. उलटी जोडशील."

"मामा," तो वर बघून म्हणाला. "दाबा खटका. तुमच्या हाताने."

ओनोफ्रेने टोपी डोक्यावर ठेवली. खटका दाबला.

फुस्सऽऽ.

म्हातारीने नदीसमोर गुडघे टेकले. ओनोफ्रे लुसेरोने दार उघडलं, वळला, दोन्ही बूट जमिनीवर ठेवले आणि उभा राहिला. कुणीही हात दिला नाही, कुणाची गरजही पडली नाही. काठी टेकत तो लोखंडी चाकापर्यंत गेला, काठी सेलेस्तिनोकडे दिली आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. दार कुरकुरलं. खालून तपकिरी पाणी फेस घेऊन आलं, गेल्या सालची पानं ढकलत पाटात शिरलं, आणि लोकांनी फावडी दगडावर आपटून एकच गदारोळ केला. बेनिता त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

म्हाताऱ्याने आपलं फावडं मागितलं. सेलेस्तिनो सावरून उभा राहिला. गेली काही वर्षं तो या मानाची वाट बघत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ओनोफ्रे धोंड्यावर अडकलेल्या जांभळ्या गाडीकडे बघत होता. लोंबणाऱ्या नळीकडे, त्या ओरखड्यांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बराच वेळ.

"फेर्मीन!" त्याने हाक मारली.

अख्ख्या गावासमोर. खणखणीत आवाजात. अटीचं त्याला काही माहीत नव्हतं. बेनिताने तोंडावर हात ठेवला.

फेर्मीन जागचा हललाच नाही. कुणा दुसऱ्याला बोलावलं की काय, असं वाटून त्याने मागे वळून पाहिलं.

"तुलाच म्हणतोय. फेर्मीन. ये, फावडं घे. पाणी थांबत नसतं कुणासाठी."

"मामा, माझी गाडी..."

"तुझी गाडी म्हातारी खाली आणील. साखळी नाही लावणार," म्हातारा म्हणाला. "दोर लावू. दोराखाली माझं जाकीट घालू. आता पळ, पाणी पुढे गेलं!"

फेर्मीन पळाला. फावडं उंच धरून, पाटाच्या कडेने, रडत की हसत ते त्यालाच ठाऊक. पाणी त्याच्या मागे आणि तो पाण्याच्या पुढे. आणि पोरंटोरं त्याच्या नावाने ओरडत होती, त्याच्या खऱ्या नावाने. सेलेस्तिनोने एक उसासा सोडला आणि पोसोलेच्या पातेल्याचं झाकण काढलं. भला माणूस, म्हटलंच होतं.

संध्याकाळी बेनिता शेतात पाणी फिरवून घरी आली. दारात शिरताना तिची नजर सवयीने खुंटीकडे गेली. टोपी खुंटीवर नव्हती. तिने कपाट उघडलं. वरच्या फळीवरही नव्हती.

ती बाहेर आली. शेडमध्ये म्हातारी गुडघे टेकून बसली होती, बॅटऱ्यांना चार्जर लावलेला होता. टोपी म्हातारीत होती, आणि टोपीखाली ओनोफ्रे होता. हातात डबी.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "फेर्मीनला फोन लाव. विचार त्याला, हिला उडी मारायला आणखी किती बॅटऱ्या लागतील."